मोजायचा मान

"आज घरी भाजी कसली?"

बाई हा प्रश्न विचारायच्या तेव्हा आमचे दोन्ही हात डोक्याच्या वर असायचे, एक पाय पुढे, गुडघा वाकलेला आणि पदर कमरेला करकचून खोचलेला. अशा वेळी भाजी कोणाला आठवते? पण उत्तर द्यावंच लागे, आणि तेही पूर्ण वाक्यात. नुसतं "वांगी" म्हणून सुटका नव्हती. "आज मी वांग्याची भाजी केली आणि सासूबाईंना ती तिखट लागली," एवढं एका दमात बोलता आलं, तर तुमचं ठीक चाललंय. वाक्य मध्येच तुटलं, की बाई मागून येऊन खांद्यावर हात ठेवायच्या आणि म्हणायच्या, "एक पायरी खाली." मग हात कमरेवर घ्यायचे, गुडघा निम्माच वाकवायचा. तरीही दम लागला, तर गोणपाटावर बसायचं.

या बाईंविषयी माझी तक्रार आहे, ती आधीच सांगून टाकते. मालातली खोट आधी सांगितली की गिऱ्हाईक पुढचं सगळं खरं मानतं, हे मी धंद्यात शिकले. तक्रार अशी, की सात वर्षांत बाईंनी सगळ्यांना मोजायचा मान दिला. जिला वीसच्या पुढे आकडे येत नव्हते, तिलासुद्धा दिला. मला दिला नाही.

ही गोष्ट निम्मं भाईंदर मिठागरच होतं तेव्हाची. मोरव्याच्या रस्त्यावर एका मीठवाल्या शेटचं गोदाम होतं. मीठ भरणं केव्हाच बंद पडलेलं, पण समोरची लांबरुंद फरशी आणि तिच्यावरची पत्र्याची पडवी शाबूत होती. बाईंनी ती जागा शेटकडून दुपारी अडीच ते साडेतीन एवढी मागून घेतली. अडीचच का, तर तोपर्यंत पुरुष कामावर, पोरं शाळेत आणि भांडी घासून झालेली असत. चारला नळ येई. आमच्या दिवसात तेवढीच एक फट होती आणि बाईंनी ती घरोघर फिरून, बायकांना विचारून शोधून काढली होती. जेवण मात्र एकच्या आत उरकायचं, हा त्यांचा पहिला नियम.

बाई पूर्वी मुंबईत एका शाळेत कवायत शिकवायच्या. वर्षानुवर्षं मैदानावर ओरडून घसा कामातून गेला. डॉक्टरांनी मोठ्याने बोलायला बंदी केली आणि नोकरी सुटली. एकट्या होत्या, भाईंदरला भाडं परवडतं म्हणून आल्या. गळ्यात शाळेतली शिट्टी असायची, पण ती त्या वाजवत नसत. आवाज जुनेर फाडल्यासारखा, दोन हात अंतरावर उभी असलेलीलाच ऐकू जाईल असा. म्हणून तर आकडे मोजायला त्यांना दुसरं कोणी लागायचं. दर सोमवारी त्या एकीला पुढे बोलवत आणि आठवडाभर तीच मोजत असे. पंधरा बायका तिच्या आवाजावर हात वर नेत, तिच्या आवाजावर खाली आणत. आयुष्यात जिचं घरातल्या मांजरानेही ऐकलं नव्हतं, ती त्या आठवड्यात वेगळीच चालायची.

माझी आणि बाईंची पहिली भेट माझ्या दुकानात झाली. दुकान म्हणजे बाजारातला एक खण. नवरा आजारी पडून घरी बसला तेव्हा मी डोक्यावर भांड्यांची पाटी घेतली. जुने कपडे घ्यायचे आणि बदल्यात भांडं द्यायचं. घोडबंदरपासून उत्तनपर्यंत एक दार सोडलं नाही. शाळा चौथीपर्यंतची, पण जुन्या साडीची जर डोळे मिटून बोटाने ओळखायची. सहा वर्षांनी तो खण घेतला. ते कोणाच्या उपकाराने झालेलं नाही, म्हणून माझा आवाज थोडा चढा असतो.

बाईंनी एक पातेलं उचललं आणि भाव विचारला. मी नेहमीसारखा चढवून सांगितला. आता त्या निम्म्यावर येणार, मी कपाळाला हात लावणार, त्या पातेलं ठेवून निघणार, तीन पावलं सावकाश टाकणार आणि तिसऱ्या पावलाला मी हाक मारणार. हा खेळ दोन्ही बाजूंना पाठ असतो. निघणारं माणूस निघालेलं नसतंच मुळी. त्याची पाठ तुमच्याकडे असते आणि कान तुमच्या तोंडाशी असतात.

बाईंनी सांगितला तेवढा भाव दिला.

मी पातेलं हातात धरून तशीच उभी. म्हटलं, अहो, थोडं कमी करून मागा तरी.

"तुम्ही सांगितलात तोच भाव ना?" त्या म्हणाल्या.

मला इतकी लाज वाटली की मीच भाव उतरवायला लागले. स्वतःशीच घासाघीस करणारी दुकानदारीण त्या बाजाराने त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली असेल. वर एक पळी फुकट दिली. त्यांनी ती परत ठेवली. पळी घरात होती म्हणे. मग जाता जाता थांबून म्हणाल्या, "मान जरा उजवीकडे वळवून दाखवा."

मी वळवायला गेले तर मानेबरोबर सगळं अंगच वळलं. सहा वर्षांच्या पाटीने मान लाकूड केली होती, आणि ते मला दुसऱ्याने सांगेपर्यंत ठाऊक नव्हतं.

"उद्या अडीचला या. एकच्या आत जेवा."

अशी मी गेले. महिन्याभरात तुम्हीची तू झाले आणि पाचव्या महिन्यात मान वळायला लागली.

बाईंच्या शिकवण्याची रीत तुम्ही पाहायला हवी होती. रोज सगळ्यांच्या आधी येऊन त्या फरशी झाडायच्या, कारण जुन्या मिठाचे खडे फटींतून वर येत आणि पायाखाली घसरत. फरशीवर उडी मारायची नाही, दगड गुडघे खातो. प्रत्येकीने दोन गोणपाटं आणायची, एकावर एक घालायची. सुरुवातीची दहा मिनिटं नुसतं जागच्या जागी चालणं, खांदे फिरवणं. मी कुरकुर करायचे की यात व्यायाम कुठे आला. त्या म्हणायच्या, कणीक मळल्या मळल्या लाटतेस का? थोडी मुरू देतेस ना?

नवी बाई आली की बाई तिच्या घरी जाऊन तासभर बसायच्या. ती हंडा कसा उचलते, कपडे कसे धुते, पोर कोणत्या कडेवर घेते, ते नुसतं पाहायच्या. मग तिच्यासाठी काय घ्यायचं आणि काय टाळायचं ते वहीत लिहायच्या. प्रत्येकीचं वेगळं पान. माझं पान मी एकदा चोरून पाहिलं. बाकीच्यांची पानं भरलेली होती. माझ्यावर एकच ओळ होती, "ताकद भरपूर. थांबत नाही." ते कौतुक आहे असं समजून मी दोन दिवस खुशीत होते.

सगळ्यांत पुढे त्या सगळ्यांत अशक्त बाईला उभं करायच्या. इतर ठिकाणी तगडी माणसं पुढे असतात आणि बाकीचे फरफटत जातात. इथे उलटं होतं. मोजणारीने त्या पुढच्या बाईकडे तोंड करून उभं राहायचं आणि तिचा श्वास बघून आकडा म्हणायचा. "आकडा तिच्या छातीवरून उचलायचा," असं बाई प्रत्येक मोजणारीला सांगायच्या. स्वतः त्या मागे उभ्या राहत, म्हणजे सगळ्यांच्या पाठी दिसतात. दमलेल्या माणसाचं तोंड खोटं बोलतं, पाठ बोलत नाही, असं त्यांचं म्हणणं.

तेव्हा पुढे उभी असायची फिलू. पालीची मासळीवाली. सकाळी बसने टोपली घेऊन यायची, बारापर्यंत भाईंदरच्या बाजारात विकायची. नंतरची बस चारला. मधल्या वेळात झाडाखाली झोपण्यापेक्षा बरं म्हणून आमच्यात आली. कंबर दुखायची आणि दम लवकर लागायचा. भाजीच्या प्रश्नाला तिचं उत्तर ठरलेलं होतं, "भाजी कंची बाय, आमचे घरा म्हावरा हाय." बाई म्हणायच्या, वाक्य लहान आहे, म्हावरा कोणता ते सांग. आणि फिलू मांदेलीपासून मोजायला लागे, तोवर तिचा दम कळून जाई.

माझा नंबर लागायला एक सोमवार उरला होता. बाईंनी तसं बोलून दाखवलं होतं. मी रात्री पडल्या पडल्या मनात आकडे म्हणून बघत होते. आणि त्या शुक्रवारी बाईंना ताप आला.

दुपारी त्यांची शेजारीण माझ्या दुकानात निरोप देऊन गेली. आज बाई येणार नाहीत, सगळ्यांना घरी जायला सांगा. मी गोदामावर जाऊन त्यातला अर्धाच निरोप सांगितला. आज बाई येणार नाहीत, एवढाच.

बायका जमल्या होत्याच. मी पुढे जाऊन उभी राहिले. कोणी विचारलं नाही, माझ्या आवाजापुढे सहसा कोणी विचारत नाही. चालणं आणि खांदे फिरवणं मी गाळलं. वाकून उठण्याचा प्रकार घेतला. बाई आठ घ्यायच्या. आठ झाले, मी म्हटलं बारा करू. बारा झाले, म्हटलं पंधराला काय होतंय? मी बाजारात करते तेच करत होते. एकेक आकड्याने वर चढवायचं आणि समोरच्याला वाटू द्यायचं की एवढ्याने काही बिघडत नाही. आमच्या बायकांचा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. पहिली कोण बसणार? फणसाच्या आठळ्यांवरून चार वर्षं अबोला धरणाऱ्या रत्नागिरीच्या दोघी शेजारी शेजारी उभ्या होत्या, त्या एकमेकींसमोर बसणं शक्यच नव्हतं. भाजी मी कोणाला विचारली नाही. आणि माझ्यासमोर फिलू होती. तिची छाती माझ्या डोळ्यांपुढे वरखाली होत होती, पण मी बघत होते मागच्या ओळीकडे, सगळ्यांचे हात एकदम वर जातात का ते. ते एकदम जात होते, आणि तसं सुख मला धंद्यात कधी मिळालं नव्हतं.

अठराव्याला फिलू वाकली ती वर आलीच नाही. ओरडलीही नाही. तशीच, हात गुडघ्यांवर ठेवून राहिली आणि म्हणाली, "उटाया येत न्हाय गो."

त्याच वेळी शिट्टी वाजली. ती मी आयुष्यात एकदाच ऐकली. रस्त्याच्या कडेला बाई उभ्या होत्या, अंगावर शाल, केस मोकळे. निरोप पोहोचला नसेल अशी शंका आली म्हणून तापात चालत आल्या होत्या.

त्यांनी फिलूला हळूहळू गोणपाटांवर निजवलं. पोटऱ्यांखाली मिठाचं एक रिकामं खोकं उलटं घातलं. तिच्या पोटावर हात ठेवून, घोगऱ्या आवाजात, घाई न करता विचारलं, "आज घरी म्हावरा कोणता?" फिलू रडत रडत सांगायला लागली. बोंबील, करंदी, मांदेली. वाक्य पूर्ण होईपर्यंत बाईंनी हात उचलला नाही.

मला त्या एक शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर मी चार शब्द परत केले असते, भांडण झालं असतं आणि मिटलंही असतं. भांडणात मी कोणाला हार जात नाही. पण गप्प बसणाऱ्या माणसाशी काय करणार?

फिलूला तीन आठवडे टोपली उचलता येणार नव्हती. तिची भावजय पालीला टोपली बसमध्ये चढवायची. भाईंदरला मी ती उतरवून डोक्यावर घ्यायचे आणि फिलूच्या जागेवर बसायचे. दुकान बारापर्यंत बंद. मासळीला मी जन्मात हात लावला नव्हता, पण भाव करणं सगळीकडे सारखंच. फिलूची गिऱ्हाइकं पहिल्या दिवशी घाबरली, चौथ्या दिवशी रुळली. एकदा टोपली घेऊन जाताना समोरून बाई आल्या. मला वाटलं, आता काहीतरी म्हणतील. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "मान सरळ ठेव."

फिलू परत आली तेव्हा मला म्हणाली, "माजी गिराइका तू बिगरवलीस. मी तुज्यासारख्या शिव्या देत न्हाय म्हून रुसतान." आमचं तिथेच मिटलं. मी मनात म्हटलं, माझ्या बाजूने किंमत चुकती झाली, आता सोमवार माझा.

सोमवार आले आणि गेले. पुढे उभ्या राहणाऱ्या बदलल्या, मोजणाऱ्या बदलल्या. माझ्यानंतर आलेल्या दोघींनी मोजलं. वर्षभराने मी एका दुपारी बाईंना गाठलं. त्या गोणपाटं झटकत होत्या. मी म्हटलं, सगळ्यांना दिलंत, मला कधी? मी चुकले, पण त्याचं सगळं मी भरून दिलंय.

बाईंनी गोणपाट घडी करून ठेवलं. "तू दमलीस, असं तुझ्या तोंडून मी एकदाही ऐकलं नाही," त्या म्हणाल्या. "श्वास रोखून ठेवतेस आणि मला वाक्य म्हणून दाखवतेस. मला कळतं ते. ज्या दिवशी तुझं वाक्य मध्ये थांबेल ना, त्या दिवशी मोजायला दे म्हण."

मी रागाने दोन दिवस गेले नाही. तिसऱ्या दिवशी गेले, कारण मान पुन्हा आखडायला लागली होती. मानेचं निमित्त होतं, हे आज कबूल करते. दुपारी सव्वादोन झाले की दुकानात माझा जीव लागत नसे. आणि माझं वाक्य कधी थांबू दिलं नाही. पुढची सगळी वर्षं मी श्वास चोरून पूर्ण वाक्यं बोलत राहिले, आणि बाई ती ऐकून पुढे जात राहिल्या.

मग शेटने गोदाम विकलं. जागा रिकामी करायची होती आणि बाईंची नजरही अधू झाली होती. त्यांची बहीण मिरजेला असे, तिच्याकडे जायचं ठरलं. शेवटच्या दुपारी कोणी भजी आणली, कोणी नारळ, फिलूने केळीच्या पानात बांधून सुकट आणली. बाईंनी हे सगळं बाजूला ठेवायला लावलं आणि नेहमीसारखं दहा मिनिटं चालणं घेतलं. शेवटच्या दिवशीसुद्धा. मग माझ्याकडे वळल्या.

"आज तू मोज."

एवढंच म्हणाल्या. सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. सहा वर्षं मी हे तीन शब्द ऐकायला थांबले होते. आणि माझ्या तोंडून काय यावं?

"नको," मी म्हटलं. "इतकी वर्षं नाही दिलंत, आता उरलंसुरलं कशाला?"

आणि पाठ फिरवून माझ्या गोणपाटाकडे निघाले. एक पाऊल. दुसरं पाऊल सावकाश. तिसरं त्याहून सावकाश. तुम्हाला कळलं असेल मी काय करत होते. जन्मभर तेच केलं. माझी पाठ बाईंकडे होती आणि सगळं अंग कान झालं होतं. अजून एकदा म्हणतील. ये गं, म्हणतील. नुसतं नाव घेतलं तरी मी वळणार होते.

मागून बाईंचा फाटका आवाज आला. "बरं. फिलू, तू ये."

बाईंनी कधी घासाघीस केली नव्हती. समोरच्याने सांगितला तो भाव त्या खरा मानायच्या. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, आणि तरी मी त्यांच्यापाशी तो खेळ खेळले.

फिलू मोजायला लागली. एक, दोन. मी हात वर नेले, गुडघा वाकवला. बाई मागच्या ओळीतून विचारत येत होत्या, आज घरी भाजी कसली? कोणी पडवळ म्हणाली, कोणी काळे वाटाणे, त्या सगळ्यांचे आवाज भिजलेले होते तरी वाक्यं पुरी होत होती. माझ्यामागे येऊन थांबल्या.

"आज घरी भाजी कसली?"

"आज घरी मी दुधी..." एवढं म्हटलं आणि पुढे काही येईना. दुधी केला होता, चण्याची डाळ घालून केला होता, सकाळी घाई झाली म्हणून डाळ जरा कच्ची राहिली होती. सगळं आठवत होतं. घशातून निघत नव्हतं. समोर फिलू सात म्हणाली आणि माझ्या तोंडाकडे बघत थांबली. आठ तिने म्हटलाच नाही. पंधरा बायकांचे हात वर तसेच राहिले.

माझ्या खांद्यावर हात आला. हलका, पण खाली दाबणारा.

"बस," बाई म्हणाल्या. "बस थोडी."

सात वर्षांत मी पहिल्यांदा गोणपाटावर बसले. फिलूने आठ म्हटलं. मग सगळ्यांचे हात खाली आले.

बाई सोमवारी मिरजेला गेल्या. मी त्यांचा पत्ता मागितला नाही, त्यांनी आपणहून द्यावा असं मला वाटत होतं. काही वर्षांनी त्यांच्या भाचीचं पत्र आलं, बाई गेल्या म्हणून. ते पत्र फिलूला आलं. मला नाही. फिलू ते घेऊन दुकानात आली, मी ते तिला वाचून दाखवलं, मग तिने मला पुन्हा एकदा वाचायला लावलं.

गोदामाच्या जागी इमारत होऊन जमाना झाला. तिच्या गच्चीवर बायकांचा व्यायाम चालतो, गाणी लावून. शिकवणारी पोरगी चुणचुणीत आहे, अजून दहा, अजून दहा असं ओरडते. मी खालून जाताना थांबून ऐकते. भाजीचं कोणी विचारत नाही.

दुकान आता सून बघते, पण मी गल्ल्याशी बसलेली असते. गिऱ्हाईक भांडं ठेवून पाठ फिरवून निघालं, की मी पहिल्याच पावलाला हाक मारते. सून चिडते. म्हणते, आई, तिसऱ्या पावलापर्यंत तरी थांबा, अशाने भाव पडतो. पडतो, मला माहीत आहे. पण ती पाठ आणि ती सावकाश चाललेली पावलं मला बघवत नाहीत.